फाइल तुमच्याच हातात ठेवा

लेकींनो, सुनांनो, घरात दुःख ताजं असताना कागदांचं बोलणं कुणालाच गोड लागत नाही. तरी मी बोलतो, कारण नंतर बोलून उपयोग नसतो. दसरा सरला की आपल्या तलवाड्यातून, गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. वाटेत ट्रॉली उलटते, मागून ट्रक धडकतो, आणि घरी माणसाऐवजी निरोप येतो. बीडच्या कोर्टात वकिलांच्या हाताखाली कारकुनी करताना अशी कितीतरी घरं मी जवळून पाहिली. कायदा सगळ्यांना सारखाच होता, फरक पडला तो फाइल कुणाच्या हातात आहे यानं. जिथं ती बाईच्या पेटीत होती, तिथं लेकरांच्या वाट्याचं लेकरांना मिळालं. जिथं ती दिराकडे, मुकादमाकडे किंवा एजंटाकडे गेली, तिथं निकाल लागल्याचंही बाईला दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

आणखी एक गोष्ट आधी मनातून काढा. ‘माणूस गेला, आता पैसे घेऊन काय करू,’ असं बायका म्हणतात आणि भावकीही मान डोलावते. भरपाई ही गेलेल्या माणसाची किंमत नव्हे. तो जगला असता तर जे घरात आणलं असतं, ते त्याच्या लेकरांचं आणि म्हाताऱ्या आईबापाचं आहे. ते मागण्यात लाज कसली?

पीएम केल्याशिवाय गाव गाठू नका

परमुलखात माणूस गेला की टोळीला घाई होते. हंगाम चालू असतो, गाडी तयार असते, ‘आता चिरफाड कशाला’ असं कुणीतरी म्हणतं. तिथंच निम्मा दावा बुडतो. शवविच्छेदनाचा, म्हणजे पीएमचा, अहवाल नसेल तर मरण अपघातानंच आलं, हे पुढं सिद्ध करणं फार अवघड जातं. जखमी माणूस दवाखान्यात महिनाभर झुंजून गेला, तरी पीएम कराच. नाहीतर विमा कंपनी म्हणते, तो दुसऱ्याच आजारानं गेला. मृत्यूची नोंद जिथं मरण आलं तिथल्या निबंधकाकडे होते, तलवाड्याच्या ग्रामपंचायतीत नाही. नोंदीची मुदत 21 दिवसांची आहे. दाखल्याच्या चार-पाच प्रती तिथूनच काढून आणा, दर कागदाला पुन्हा तीनशे किलोमीटर जाणं गरिबाला परवडत नाही.

ठाण्यात जे खरं, तेच लिहून घ्या

फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि मरणोत्तर पंचनामा या तीन कागदांवर दावा उभा राहतो. फिर्याद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका, वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोराला सोबत न्या. गाडीचा नंबर बरोबर आहे का, वेळ बरोबर आहे का, आणि गेलेला माणूस गाडीत कशासाठी होता हे लिहिलं आहे का, ते पाहा. मजूर म्हणून फडाकडे निघाला असेल तर तसंच लिहायला लावा. ‘प्रवासी’ एवढा एक शब्द पुढं विमा कंपनीच्या हातात कोलीत देतो. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

2022 च्या नव्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्यानं 48 तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल. आमच्या काळी गाडीच्या आरसी बुकाची, विम्याची नि लायसन्सची झेरॉक्स मिळवायला चपला झिजायच्या. आता ते गोळा करणं पोलिसांच्या कामात आहे. ‘साहेब, आमच्या अपघाताचा अहवाल गेला का?’ असं विचारायला संकोचू नका.

आपसात मिटवायची सही करू नका

दहावा होतो न होतो तोच गाडीमालकाकडून कुणीतरी येतो. सोबत गावातला एखादा वजनदार माणूस असतो. दोन लाख, फार तर तीन लाख, स्टॅम्पपेपर तयार. ‘कोर्टात वर्षं जातात, हातात आलेलं घ्या.’ यावर एकच उत्तर द्या: वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. अंत्यविधीला कुणी मदत केली तर घ्या, पण तिच्या बदल्यात कोऱ्या कागदावर अंगठा नको. ड्रायव्हरवरची फौजदारी केस वेगळी आणि भरपाईचा दावा वेगळा, हेही ध्यानात ठेवा. ड्रायव्हर उद्या निर्दोष सुटला तरी दावा त्यानं आपोआप बुडत नाही. फौजदारीत जितका पक्का पुरावा लागतो, तितका इथं लागत नाही.

अपघात कुठंही होवो, दावा बीडला लावता येतो

किती बायकांनी केवळ ‘कोल्हापूरला कोण जाणार’ म्हणून हक्क सोडला, आठवलं की जीव तुटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे वारस जिथं राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. म्हणजे अपघात कर्नाटकात झाला तरी अर्ज आपल्या जिल्ह्यात करता येतो. तिकडचे कागद कानडीत असतील तर त्यांचं अधिकृत भाषांतर जोडा. 2019 च्या दुरुस्तीनं अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. म्हणून तेरावा झाला की त्याच आठवड्यात वकील गाठा. मुदत उलटली असली तरी घरच्या घरी ‘संपलं’ ठरवू नका, आधी वकिलाला विचारा. व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात, तेव्हा उशीर केला की त्यातही तोटाच.

हिशोब तुम्हालाही यायला हवा

भरपाईचा आकडा न्यायाधीश मनानं काढत नाहीत. सुप्रीम कोर्टाचा 2009 चा सरला वर्मा निकाल आणि 2017 चा प्रणय सेठी निकाल, या दोन्हींनी त्याची रीत घालून दिली आहे. समजा, 32 वर्षांचा गडी, महिन्याची कमाई 12,000 रुपये, मागे बायको, दोन लेकरं आणि आई. स्वतःचा रोजगार असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाची कमाई पुढं वाढली असती, म्हणून 40 टक्के मिळवायचे: 16,800. वर्षाचे झाले 2,01,600. खाणारी तोंडं चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा करायचा, उरले 1,51,200. 31 ते 35 वयाला गुणक 16. गुणाकार 24,19,200 रुपये. शिवाय सहवास गमावल्याचे प्रत्येकी 40,000, अंत्यविधीचे 15,000 आणि मालमत्तेच्या नुकसानीचे 15,000, हे आकडे 2017 चे, दर तीन वर्षांनी त्यांत 10 टक्के वाढ. आता हे दारात आलेल्या दोन लाखांशेजारी ठेवून पाहा.

सगळा हिशोब कमाईच्या पहिल्या आकड्यावर उभा आहे. म्हणून उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांची, चिठ्ठी, मुकादमाशी केलेला करार, कारखान्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक, सातबारा, दूध डेअरीचं कार्ड, जे सापडेल ते जपा. वयासाठी शाळेचा दाखला काढा. आधारवर अंदाजे घातलेलं जन्मसाल गुणक कमी करू शकतं.

बाई गेली तर तिची कमाई झाकू नका

ऊसतोडीत उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. निम्मा कोयता तिचा. पण ती अपघातात गेली की अर्जात ‘घरकाम’ लिहून लोक मोकळे होतात. तिची मजुरी लिहा, आणि फडावरून आल्यावर ती करायची ते स्वयंपाकपाणी, लेकरं, जनावरं हेही लिहा. 2021 च्या कीर्ती निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही पैशात मोल धरायचं, आणि पुढची वाढही धरायची. मग जी दोन्ही करत होती तिचा आकडा कमी का यावा?

ट्रॉलीची अडचण आधीच ओळखा

ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो आणि ट्रॉलीत माणसं बसवायची परवानगी नसते. विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करते. म्हणून दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी या सगळ्यांना सामील करा. कंपनीनं आधी वारसांना द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असे आदेश न्यायाधिकरणांनी दिलेले आहेत. माणूस कामावर असताना गेला असेल तर मजुरांच्या नुकसानभरपाईची वाटही असते, 1923 च्या कायद्यापासून तो हक्क चालत आला आहे. मात्र एकाच अपघातासाठी मोटार कायदा किंवा मजुरांचा कायदा, यांतली एकच वाट धरता येते. कुठली, ते कागद पाहून वकिलाला ठरवू द्या.

गाडी सापडली नाही तरी हात रिकामे ठेवू नका

धुळे-सोलापूर हमरस्त्यावर रात्री धडक देऊन गाडी पळून गेली, तरी सरकारी योजनेतून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. तो अर्ज महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलला किंवा उपविभागीय कार्यालयात चौकशी करून द्यायचा. स्वतःच्या मोटारसायकलवरून पडून माणूस गेला असेल तर विम्याच्या कागदात ‘मालक-चालक’ अपघात संरक्षण आहे का पाहा. मालकाकडे लायसन्स असेल तर हे संरक्षण 15 लाखांपर्यंतचं असतं.

त्याचं पासबुक उघडून 20 रुपयांची वार्षिक कपात शोधा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेची असेल तर अपघाती मृत्यूचे 2 लाख आहेत. 436 रुपये कापले असतील तर जीवनज्योतीचे 2 लाख वेगळे. घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून 2 लाख मिळतात, खातेदाराशिवाय कुटुंबातल्या आणखी एका माणसालाही तिचा आधार आहे. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी कार्यालयात द्यायचा. मुंडेसाहेब स्वतः 2014 साली दिल्लीत रस्त्यावरच्या अपघातात गेले, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

दवाखान्यातल्या चुकीनं मरण आलं तर कागद आधी

रागानं दगड उचलू नका, लेखी अर्ज द्या. उपचाराचे कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यायचं बंधन डॉक्टरांवर आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली एका बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. खालच्या कोर्टानं घरच्यांना 36,000 रुपये मंजूर केले, हायकोर्टानं ते काढून घेतले, आणि 1996 साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा दिले. सरकारी रुग्णालयातल्या चुकीला सरकार जबाबदार, हे त्या निकालानं ठणकावून सांगितलं. तेहतीस वर्षं त्या घरानं दावा सोडला नाही, म्हणून आज तुमचा वकील त्या निकालाचा आधार घेऊ शकतो.

वकील करा, पण कोरं काही देऊ नका

‘आधी काही नको, निकालात इतके टक्के द्या,’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानंच मना आहे. फी आधी ठरवा, पावती मागा. कोरा वकालतनामा, कोरा चेक, सही केलेली पैसे काढायची स्लिप कुणालाही देऊ नका. फी द्यायची ऐपत नसेल तर बीडच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथं वकील मोफत मिळतो, तिच्या उत्पन्नाचा दाखला न पाहता. लोकअदालतीत तडजोड सुचवली तर आपण मांडलेला हिशोब समोर ठेवून मगच हो म्हणा. निकाल कमी वाटला तर 90 दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अपील करता येतं.

पैसे आले की

खातं स्वतःच्या नावाचं, पासबुक स्वतःजवळ, मोबाइल नंबर स्वतःचा. लेकरांच्या वाट्याचे पैसे कोर्ट ठेवीत ठेवायला सांगतं, ती पावतीही तुमच्याच पेटीत ठेवा. मुकादम उचलीचा हिशोब घेऊन येईल. त्याला लेखी हिशोब मागा. त्या बाकीपायी विधवेला किंवा तिच्या पोराला जबरदस्तीनं फडावर नेणं ही वेठबिगारी आहे, 1976 च्या कायद्यानं ती बंद केली आहे. पुन्हा लग्न केलंस तर भरपाईवर पाणी सोड, असं सासरचे म्हणाले तर सांगा, तसं होत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं 2023 साली हेच म्हटलं आहे.

एक जाड फाइल आणा. पहिल्या पानावर दाव्याचा नंबर, पुढची तारीख आणि वकिलाचा फोन लिहा. आत कागदांच्या प्रती ठेवा, मूळ कागद वेगळे. दर तारखेला कोर्टात स्वतः जाऊन बसा, दिराला पाठवू नका. समोर बाई बसलेली दिसली की वकील तारीख सहजासहजी मागत नाही आणि कुणी परस्पर तडजोडही करत नाही. सगळ्या कानमंत्रांतला एकच लक्षात राहिला तरी चालेल: माणूस तुमचा गेला आहे, म्हणून दावाही तुमचा आहे, आणि तो चालवायचाही तुम्हीच.