पोटदुखीची तारीख लक्षात ठेवा

घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याखुपण्याची काळजी वाहणारी गृहिणी स्वतःच्या पोटदुखीकडे मात्र ‘हे दर महिन्याचेच’ असे म्हणून दुर्लक्ष करते. क्वचित प्रसंगी हे दुर्लक्ष तिला थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत घेऊन जाते.

जबलपूरचेच उदाहरण घेऊ. स्त्रियांच्या विकारांसाठी तेथील कुटुंबांना पिढ्यानपिढ्या एल्गिन रुग्णालय ठाऊक आहे. तर १९५५ साली सुरू झालेल्या व आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव धारण करणाऱ्या वैद्यकीय महाविद्यालयात महाकोशलातून अवघड शस्त्रक्रियांसाठी रुग्ण येतात. पाळीचे दुखणे एका दारी, आतड्याचे दुसऱ्या दारी, अशी विभागणी सामान्यांच्या मनात पक्की असते. परंतु दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते. त्या विकाराचे नाव एंडोमेट्रिऑसिस.

विकाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढू लागणे, म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. पाळीच्या वेळी काही रक्त बीजनलिकांतून उलट दिशेने पोटात जाते व त्यातील पेशी तेथे रुजतात, असा सिद्धान्त अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा विकार असतो.

यांपैकी साधारण ५ ते १२ टक्के स्त्रियांमध्ये आतड्याला बाधा पोहोचते, ती बहुधा मलाशय व त्यालगतच्या मोठ्या आतड्याला. या पेशीही संप्रेरकांना प्रतिसाद देतात. त्यामुळे वारंवार दाह होतो, व्रण तयार होतात, आतड्याची भिंत जाड होते आणि मार्ग अरुंद होतो. मार्ग पूर्ण बंद होण्याचे प्रमाण मात्र अत्यल्प, आतड्याची बाधा झालेल्यांतही एक टक्क्याहून कमी आहे.

निदान अवघड का?

आतडे अडले की डॉक्टरांच्या मनात प्रथम हर्निया, जुन्या शस्त्रक्रियेमुळे आलेला चिकटपणा, क्षयरोग वा कर्करोग येतो, आणि ते योग्यही आहे. शिवाय हा विकार भिंतीच्या बाहेरून आत शिरतो. आतील अस्तर शाबूत राहिल्याने दुर्बिणीच्या तपासणीत घेतलेला तुकडाही निर्दोष ठरू शकतो. सोनोग्राफी व एम.आर.आय. यांची मदत होते. तरीही अनेकदा काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनंतरच उलगडा होतो. सौम्य अवस्थेत संप्रेरकांच्या औषधांनी आराम पडतो. मार्ग बंद झाल्यास बहुधा बाधित भाग काढावा लागतो.

काय करावे?

पाळीच्या दिवसांत पोट फुगणे, शौचास वेदना, बद्धकोष्ठ वा जुलाब, क्वचित शौचावाटे रक्त, अशा तक्रारी दर महिन्याला येत असतील तर पाळीच्या व दुखण्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. पोटाच्या डॉक्टरांना पाळीविषयी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना शौचाविषयी संकोच न बाळगता सांगावे.

मात्र पोटात कळा, सतत उलट्या, पोटफुगी आणि शौच व वायू दोन्ही बंद, अशी लक्षणे दिसताच एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे.

घरखर्चाची पै न् पै टिपून ठेवणाऱ्या गृहिणीने त्याच वहीच्या एका पानावर स्वतःच्या दुखण्याचीही नोंद ठेवावी. निदानाचा नेमका धागा डॉक्टरांच्या हाती देणारी हीच नोंद ठरू शकते.