चिनी चहा : गुण किती आणि काळजी कुठे?



मागच्या वर्षीची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी एकाच तासात तीन-तीन वेळा "बाई, जाऊन येऊ?" असं विचारायला लागली. आधी मला वाटलं, अभ्यासात मन लागत नसेल. पण दोन दिवसांनी ती पोट धरूनच बसली, पोषण आहारही घेतला नाही. आईला बोलावून घेतलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मॅडम, हिला सगळी पोरं जाडी म्हणून चिडवतात ना, म्हणून मोबाईलवरून चायनीज चहा मागवलाय. मी पण घेते, तिला पण अर्धा कप देते. पानांचाच तर आहे, त्यानं काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट आणलं. समोर मोठ्या अक्षरात 'स्लिमिंग टी' आणि मागे बारीक अक्षरात घटक : ग्रीन टी, सेन्ना. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी. आजीच्या बटव्यातलं जुलाबाचं औषध! नऊ वर्षांची मुलगी रोज जुलाबाचं औषध घेत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी ते लगेच बंद करायला लावलं आणि मुलगी बरी झाली. तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. चिनी चहा खरंच गुणकारी आहे का? मग काळजी नेमकी कशाची घ्यायची? चला, समजून घेऊ.

चिनी चहा म्हणजे काय?

पहिली गोष्ट लक्षात ठेवा, खरा चिनी चहा एकाच झाडापासून होतो. त्याचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. आपला आसामचा चहासुद्धा याच जातीच्या झाडाचा. आपला 'चहा' हा शब्दही मूळ चिनी 'चा' वरूनच आला आहे. पान तोडल्यावर त्यावर काय प्रक्रिया केली, यावरून चीनमध्ये चहाचे सहा प्रकार मानतात :

१) हिरवा चहा – पान लगेच गरम करतात, त्यामुळे ते हिरवं राहतं. झेजियांग प्रांतातल्या हांगझोऊचा लाँगजिंग प्रसिद्ध आहे.
२) पांढरा चहा – कोवळ्या कळ्या आणि पानं फक्त सुकवतात. हा मुख्यतः फुजियान प्रांतात होतो.
३) पिवळा चहा – हिरव्यासारखाच, पण पान ओलसर-गरम असताना झाकून मुरवतात.
४) उलाँग – अर्धवट काळा होऊ दिलेला. फुजियानमधल्या आन्शीचा तिएगुआनयिन हा याचा नमुना.
५) लाल चहा – आपण ज्याला काळा चहा म्हणतो, त्याला चिनी लोक लाल म्हणतात! आन्हुई प्रांतातला कीमून हा त्यातला नावाजलेला.
६) गडद चहा – सूक्ष्मजीवांच्या मदतीने आंबवलेला. युनान प्रांतातला पु-अर चहा वडीसारखा दाबून वर्षानुवर्षे साठवतात.

मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला जॅस्मिन चहा म्हणजे बहुधा हिरवाच चहा असतो. शेवंतीचा चहा मात्र नुसत्या फुलांचा, त्यात चहाचं पान नसतं.

चीनमध्ये हे पेय फार जुनं आहे. आठव्या शतकात लू यू यांनी चहावर 'चा जिंग' नावाचा अख्खा ग्रंथ लिहिला. २०२२ मध्ये चीनमधली चहा बनवण्याची पारंपरिक पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिथे चहा लहान कपात, दूध-साखरेशिवाय पितात आणि तीच पानं परत परत गरम पाण्यात घालतात.

फायदे कोणते?

चहाच्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. हिरव्या चहात ती जास्त टिकतात. शिवाय कॅफिनमुळे तरतरी येते आणि थिॲनिन नावाच्या घटकामुळे ती तरतरी थोडी शांत असते, असं मानतात.

चीनमध्ये १ लाखाहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा चहा पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसलं. पण थांबा. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. चहा पिणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असू शकतात. म्हणून "चहामुळेच हृदयविकार टळतो" असं म्हणता येत नाही.

वजनाचं काय? नुसत्या ग्रीन टीने वजन उतरतं, ही आशा फार धरू नका. परिणाम असलाच तर अगदी थोडा. खरा फायदा साध्या हिशोबात आहे. आपण दिवसाला ४ कप चहा घेतो आणि कपाला २ चमचे साखर धरली, तर ८ चमचे म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजेच १६० कॅलरी. बिनसाखरेचा चहा घेतला की त्या वाचतात. श्रेय चहाचं नाही, न घातलेल्या साखरेचं!

काळजी कुठे घ्यायची?

जेवणाबरोबर चहा नको. आपल्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चहातले टॅनिनसारखे घटक अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात, मग ते लोह अंगी लागत नाही. मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली की काळीभोर होते ना? तिथे हेच घडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्ताक्षय आहे. आपण शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतो. घरी पालेभाजी-भाकरीवर लगेच चहा दिला तर निम्मी मेहनत वाया! भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनातही जेवणाआधी आणि नंतर किमान १ तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. जेवणात लिंबू किंवा आवळा असेल तर लोह चांगलं शोषलं जातं.

मुलं आणि गरोदर स्त्रिया. १५० मिली चहात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही पातळी सुचवली आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला ६० मिलिग्रॅम. एक-दोन कपातच मर्यादा संपली! त्याच संस्थेने गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. त्यात चहा, कॉफी, कोला सगळं आलं. मुलांना चहाची गरजच नाही, मग तो हिरवा असो की दुधाचा.

उकळता चहा पिऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा जास्त गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. दोष चहाचा नाही, उष्णतेचा. चीनमधल्याच साडेचार लाख लोकांच्या अभ्यासात अतिगरम चहाला दारू किंवा तंबाखूच्या धूम्रपानाची जोड असेल तर धोका वाढलेला दिसला. चार-पाच मिनिटं थांबा, मग प्या.

कप वेगळा, गोळी वेगळी. ग्रीन टीचा अर्क भरलेल्या कॅप्सूल मिळतात. त्यात कॅटेचिन फार जास्त असू शकतं. त्यातल्या मुख्य कॅटेचिनचं प्रमाण गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं तर यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या त्याच संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. कपातला साधा चहा मात्र सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला.

जुन्या पानांचा विटेसारखा चहा. चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड पानात साठवतं, जुन्या पानात जास्त. तिबेटी, मंगोल, कझाक लोक अशा पानांच्या विटा उकळून भरपूर पितात. त्यांच्यात दात आणि हाडांचा फ्लोरोसिस आढळला, म्हणून चीनने विटेच्या चहात किलोमागे ३०० मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा घातली. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

साठवण आणि औषधं. पु-अरची वडी दमट जागी ठेवली तर बुरशी येते. कुबट वास आला तर टाकून द्या. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ग्रीन टी भरपूर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

'स्लिमिंग टी' म्हणजे चिनी चहा नव्हे. त्यात सोनामुखीसारखी रेचकं असू शकतात. वजनकाटा खाली येतो तो पाणी गेल्यामुळे, चरबी तशीच राहते. वरून पोटात मुरडा, शरीरातले क्षार कमी होणं, हे वेगळंच. लहान मुलांना हे कधीही देऊ नका.

वर्गात काय घेता येईल?

• पाकीट वाचन : मुलांना घरातली रिकामी पाकिटं आणायला सांगा. समोर काय लिहिलंय आणि मागे घटकांत काय आहे, दोन रकाने करून लिहून घ्या.
• लोह आणि चहा : लोखंडी खिळे दोन-तीन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. ते पाणी काचेच्या ग्लासातल्या कोऱ्या चहात टाका. चहा काळाकुट्ट होतो. हे शिक्षकांनीच करावं आणि ते पाणी कुणी चाखू नये.
• गणित : घरात आठवड्याला चहातून किती चमचे साखर जाते, त्याचा तक्ता आणि आलेख.
• भूगोल : चीनच्या नकाशात झेजियांग, फुजियान, आन्हुई, युनान शोधणे.

शेवटी थोडं मनातलं

चिनी चहा वाईट नाही. मोठ्या माणसाने दिवसाला दोन-तीन कप, जेवणापासून लांब, कोमट करून, बिनसाखरेचा घ्यावा. आनंदाने घ्यावा. फक्त त्याला औषध समजू नये.

त्या मुलीच्या आईला मी हेच समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, चिडवणं थांबलं असतं तर मी कशाला मागवला असता?" मी गप्पच झाले. वर्गातलं चिडवणं थांबवणं माझं काम होतं आणि ते माझ्याकडून राहून गेलं होतं. त्या आठवड्यात परिपाठाला आम्ही 'कुणाच्या अंगावरून बोलायचं नाही' हा वर्गाचा नियम केला. मुलांनीच तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला. आजही तिथे आहे. कुणी विसरलं की बाकीची मुलं त्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात. ती मुलगी आता मधल्या सुट्टीत लंगडी खेळायला सगळ्यात पुढे असते.

तुमच्या पालकसभेत हा विषय जरूर घ्या. पाकिटाची मागची बाजू वाचायला लावा, आणि पोर असं का करतंय हेही विचारा.