बावड्याचा लक्ष्मीविलास

कोल्हापूर शहरातून उत्तरेला निघाले की पंचगंगेच्या अलीकडे कसबा बावडा लागतो. या बावड्यात लक्ष्मीविलास नावाचा जुना राजवाडा आहे. अंबाबाईला आलेली मंडळी भवानी मंडप पाहतात, जुना राजवाडा पाहतात. वेळ असला तर नवा राजवाडाही पाहून येतात. लक्ष्मीविलासकडे वळणारे थोडेच. पण २६ जूनला मात्र इथे सकाळपासून माणसांची रीघ लागते. का बरे?

२६ जून १८७४ रोजी या घरात एक मुलगा जन्मला. पुढे सारा महाराष्ट्र त्याला राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखू लागला.

हे घर कागलकर घाटग्यांचे. वडिलांचे नाव जयसिंगराव आबासाहेब. आईचे नाव राधाबाई. मुलाचे नाव ठेवले यशवंतराव. मूल लहान असतानाच आई वारली. पुढे कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी १८८३ साली वारले. त्यांना मुलगा नव्हता. तेव्हा राणीसाहेब आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले. मुलाला अजून दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. कागलकरांचा यशवंत कोल्हापूरचा शाहू झाला. राजकोटला आणि धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

आता एक गंमतीची गोष्ट सांगतो. गंमतीची म्हणतो, पण विचार करण्यासारखी आहे. शाहू महाराजांची जन्मतारीख पुष्कळ वर्षे चुकीची छापली जात होती. जुन्या पुस्तकांत २६ जुलै अशी तारीख सापडते. महिना एक, पण फरक तो फरकच. अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे काढली, ताडून पाहिली आणि २६ जून ही तारीख पक्की केली. सरकारनेही ती मान्य केली. राजघराण्याचे कागद जपून ठेवलेले होते, म्हणून चूक सापडली आणि सुधारताही आली.

पण तुमच्याआमच्या घरचे काय? आई सांगते, "तू कोयनेच्या भूकंपाच्या साली झालास." कोणी सांगते, "बहात्तरच्या दुष्काळात झाली, ज्वारी मिळत नव्हती तेव्हा." साल कळते. दिवस कोठे लिहिलेला नसतो.

इथे आम्हाला आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. आम्ही खेड्यातल्या शाळेत मास्तर होतो, पुढे हेडमास्तर झालो. आईबाप मुलाला शाळेत घालायला यायचे. आम्ही विचारायचो, "जन्मतारीख काय?" ते म्हणायचे, "गुरुजी, आम्हाला काय ठावं? तुम्हीच घाला." आम्ही १ जून घालून मोकळे व्हायचो. साऱ्या वर्गाचा वाढदिवस एकच! तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

अशाच एका मुलाची आई म्हणाली होती, "गुरुजी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झालाय." नागपंचमी श्रावणात येते. पंचांग उघडले असते तर तारीख मिळाली असती. आम्ही कंटाळा केला. १ जूनच लिहिले. पुढे तो मुलगा सैन्याच्या भरतीला गेला. पळण्यात पुढे, छाती भरलेली. पण कागदावर वय काही दिवसांनी जास्त भरले. परत आला तो सरळ आमच्याकडे. म्हणाला, "गुरुजी, तेवढी तारीख बदलून द्या." शाळा सोडल्यावर दाखल्यातली तारीख बदलणे आमच्या हाती नव्हते. तो काही बोलला नाही. पाया पडून गेला. ते आम्हाला आजही लागते.

म्हणून लक्ष्मीविलासकडे पाहिले की वाटते, इथे जन्मलेल्या राजाने नोंदीचे मोल ओळखले होते. राज्य हाती आले तेव्हा कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीच्या माणसांकडे होत्या. बाकीच्यांना लिहितावाचता येत नव्हते, मग जागा मिळणार कशा? महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, म्हणजे खेड्यातला मुलगा शहरात राहून शिकू शकेल. २६ जुलै १९०२ रोजी जाहीरनामा निघाला : मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवाव्यात. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

सक्ती करायची तर कोणत्या घरात मूल आहे, त्याचे वय काय, हे आधी लिहावे लागते. ज्यांचे नाव कोणी कधी कागदावर लिहिले नव्हते, अशा घरांतल्या मुलांची नावे शाळेच्या पटावर चढू लागली. ६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले. वय पुरे ४८ही नव्हते. पटावरची नावे मात्र वाढतच गेली.

लक्ष्मीविलास ही वास्तू आज सरकारने महाराजांचे जन्मस्थळ म्हणून जपली आहे. सवडीने एकदा जाऊन या. नातवंडांना बरोबर न्या. तिथला फलक त्यांच्याकडून वाचून घेऊ नका. तुम्ही मोठ्याने वाचा, त्यांना ऐकू द्या.

आणि घरी आल्यावर एक काम करा. एक वही घ्या. घरात कोण कधी जन्मले, लग्न कधी झाले, कोण कधी गेले, घर कधी बांधले, ते लिहा. २००५ च्या किंवा २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आले होते, तेही लिहा. तारीख आठवत नसेल तर सण लिहा, वार लिहा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. आता ही नोंद मास्तरांवर सोडायचे कारण नाही. तुम्हाला लिहिता येते.

शब्दांचे अर्थ

रीघ – माणसांची सारखी ये-जा
ताडून पाहणे – एकाशी दुसरे जुळते का ते बघणे
जाहीरनामा – सर्वांना कळावे म्हणून काढलेला सरकारी कागद
पट – शाळेतील मुलांच्या नावांची यादी
वास्तू – इमारत

प्रश्न

१. शाहू महाराजांचे जन्माच्या वेळचे नाव काय होते?
२. त्यांच्या जन्मतारखेतली चूक कशी सापडली?
३. मुलाला शाळेत न पाठवल्यास किती दंड होता?
४. गुरुजींनी पंचांग उघडले असते तर काय झाले असते?
५. तुमच्या घरातील तीन माणसांची नावे व जन्मतारखा वहीत लिहा.