न दिसणाऱ्या लक्ष्याचा वेध

नाशिक शहराच्या दक्षिणेस, दारणा नदीच्या खोऱ्याजवळ, देवळाली कॅम्प हे छावणीचे गाव वसलेले आहे. येथील हवा कोरडी व आरोग्यदायी. म्हणून येथे आरोग्यधामे उभी राहिली. परंतु देशभर या गावाचे नाव झाले, ते भारतीय सैन्याच्या तोफखाना विद्यालयामुळे. तोफखान्याच्या विद्येतील एक गोष्ट नवख्या माणसाला नवलाची वाटते. तोफेपाशी उभ्या असलेल्या सैनिकाला त्याचे लक्ष्य बहुधा दिसतच नाही. ते टेकडीच्या पलीकडे, कित्येक किलोमीटर दूर असते. उंचावर बसलेला निरीक्षक ते पाहतो, गोळा कोठे पडला ते कळवितो आणि त्या सूचनेनुसार तोफेची दिशा व कोन सुधारला जातो.

न दिसणाऱ्या लक्ष्याचा वेध घेणारा आणखी एक व्यवसाय आहे. तो म्हणजे भूगर्भातील खनिज तेलाचा शोध. येथे लक्ष्य पुष्कळदा दोन-तीन हजार मीटर खोल असते आणि तेथे बसून पाहणारा निरीक्षक कोणीही नसतो. तोफेचा पहिला गोळा चुकला, तर दुसरा टाकता येतो. समुद्रातील एक विहीर चुकली, तर कोट्यवधी रुपये अक्षरशः पाण्यात जातात.

खनिज तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले असते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तसे नसते. प्राचीन काळी समुद्रांच्या व सरोवरांच्या तळाशी सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळात गाडले गेले. त्यांवर गाळाचे थरांवर थर साचले. दाब व उष्णता यांच्या योगाने, लक्षावधी वर्षांच्या अवधीत, त्या अवशेषांचे तेल व वायू झाले. तेल पाण्याहून हलके. ते खडकांच्या बारीक छिद्रांतून वर सरकू लागते आणि वाटेत एखादा अभेद्य थर आडवा आला, की त्याच्याखाली अडून राहते. तेव्हा तेल मिळण्यास तीन खडक जुळून यावे लागतात: तेलाला जन्म देणारा, ते साठवून ठेवणारा आणि त्यावर झाकण घालणारा. यांपैकी एक जरी नसला, तरी विहीर कोरडी निघते.

पैशाचे नुकसान हीच एक भीती नसते. खोलवर कोंडलेल्या वायूचा दाब प्रचंड असतो. आसामातील बाघजान येथे मे २०२० मध्ये एका विहिरीतून वायू अनावर होऊन उसळला. जून महिन्यात त्याने पेट घेतला. आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले, आणि ती आग पुरती विझण्यास नोव्हेंबर उजाडला. खडक, छिद्रे आणि दाब हे शब्द परीक्षेपुरते पाठ करून या व्यवसायात चालत नाही, ते यामुळेच.

मग खोलवरचे खडक ओळखावयाचे कसे? त्यासाठी मुख्यतः दोन साधने आहेत. पहिले साधन लहरींचे. जमिनीवर वा समुद्रावर कृत्रिम हादरे निर्माण करतात आणि भूगर्भातील थरांवरून परतणाऱ्या लहरींची नोंद घेतात. त्या नोंदींवरून संगणक भूगर्भाचे चित्र तयार करतो. हे चित्र कित्येक किलोमीटर रुंद असते. परंतु दहा-वीस मीटरांहून पातळ थर त्यात बहुधा वेगळा उमटत नाही. दुसरे साधन म्हणजे विहीर खोदताना वर काढलेला खडकाचा गोल गाभा. त्यात वाळूचा कण न् कण दिसतो. परंतु त्याची रुंदी असते अवघी हाताच्या पंजाएवढी. एक साधन साऱ्या गावाचा नकाशा देते, पण घर दाखवीत नाही. दुसरे एका घराची वीट हाती देते, पण गाव दाखवीत नाही. या दोहोंमधील अंतर उघडा कडा भरून काढतो. तेथे वीट आणि इमारत ही दोन्ही एकाच वेळी दृष्टीस पडतात.

म्हणूनच तेल-उद्योगातील भूवैज्ञानिक व अभियंते यांच्या प्रशिक्षणात डोंगरकपाऱ्यांतील सहलींना मोठे स्थान असते. या सहलींत पदवी घेतलेली, नोकरीत मुरलेली माणसे पुन्हा विद्यार्थी होतात. ही परंपरा जुनी आहे. १९०७ साली जम्मूच्या महाविद्यालयात अध्यापक झालेले दाराशा नौशेरवान वाडिया आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या टेकड्यांत हिंडत. हिमालयाच्या रचनेचे थोर अभ्यासक म्हणून पुढे त्यांनी कीर्ती मिळविली, तिचा पाया या पायपिटीत होता. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोगाची, म्हणजे आजच्या ओएनजीसीची, स्थापना झाली. तिने डेहराडून येथे संशोधनाच्या व प्रशिक्षणाच्या संस्था उभारल्या. धनबाद येथे १९२६ साली सुरू झालेल्या खनिविद्यालयातही, जे आता आयआयटी आहे, तेलविद्येचे शिक्षण मिळते.

अशी एखादी सहल देवळालीच्या परिसरात आली, तर तिला काय शिकता येईल? देवळालीत खनिज तेल नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ही भूमी अग्निजन्य खडकाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर थिजत गेला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. या थरांमुळे आपल्या डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव पडले. तेलविद्येतही ‘ट्रॅप’ हा शब्द येतो. मात्र तेथे तो इंग्रजीतील असून त्याचा अर्थ सापळा, म्हणजे तेल अडवून धरणारी रचना, असा होतो. नाव एक, पण अर्थ भिन्न. नवशिक्याने त्यांची गल्लत करू नये.

देवळालीहून जवळच, मुंबई-आग्रा महामार्गालगत, त्रिरश्मी डोंगर आहे. त्याच्या कुशीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरलेली चोवीस लेणी असून लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. हे संरक्षित स्मारक असल्यामुळे तेथे भूवैज्ञानिकाने हातोडी पिशवीतच ठेवावयाची असते. परंतु नुसत्या डोळ्यांनीही तेथे पुष्कळ शिकता येते. ही लेणी डोंगराच्या कुशीत जवळजवळ एकाच पातळीवर ओळीने कोरलेली आहेत. लेणे कोरण्यास जाड व अभंग थर लागतो. भूविज्ञानाचे पुस्तक न वाचताही त्या कारागिरांना थरांची पारख होती.

तेथून एखाद्या नव्या विहिरीच्या खोदकामापाशी किंवा रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीपाशी जावे. लाव्हाच्या एका थराचे अंतरंग तेथे स्पष्ट दिसते. मध्यभागी घट्ट, काळाभोर कातळ असतो. वरच्या अंगाला बारीक-मोठ्या भोकांचा खडक असतो. विहिरी खोदणारे लोक त्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात. लाव्हारस थिजत असता त्यातील वायूचे बुडबुडे वर आले आणि तेथेच अडकले, त्यांची ही भोके होत. पुढे पाण्यातील खनिजांनी त्यांतील पुष्कळशी भरून टाकली. सिन्नर येथील ‘गारगोटी’ या संग्रहालयात अशा पोकळ्यांत वाढलेले सुंदर स्फटिक मांडलेले आहेत. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत ऊन-पावसाने खडकाची माती होण्याइतका काळ लोटला, याची ती साक्ष आहे.

येथे शिक्षक एक प्रश्न विचारू शकतो: “या दोहोंपैकी कोणत्या खडकातून पाणी अधिक वाहील?” नवशिका तत्काळ भोकांच्या खडकाकडे बोट दाखवितो. परंतु भिंगातून पाहिले म्हणजे त्याचा उत्साह मावळतो. भोके शेकडो आहेत. पण एका भोकातून दुसऱ्यात जाण्यास वाट नाही. हा खडक ताजा असेतोवर पाण्याला फारशी दाद देत नाही. तो झिजला, कुजला, म्हणजे वाटा मोकळ्या होतात. याउलट, ज्या कातळात एकही भोक नाही, त्यात एकमेकींना मिळालेल्या भेगा असल्या, तर विहिरीला झरा लागतो. शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी आणि दुसरी कोरडी, हे खेड्यातील प्रत्येकाने पाहिलेले असते. खडकात पोकळ्या असणे ही एक गोष्ट आणि त्यांतून वाट असणे ही दुसरी. पहिल्या गुणास सच्छिद्रता म्हणतात, दुसऱ्यास पारगम्यता. हा भेद पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. दरडीपाशी तो हाताला लागतो आणि पुन्हा विसरला जात नाही.

हा धडा केवळ पाण्यापुरता नाही. सह्याद्रीचे हे लाव्हाखडक पश्चिमेस अरबी समुद्राच्या तळाखालीही पसरलेले आहेत. त्यांच्यावर पुढे गाळाचे व चुनखडीचे थर साचले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या जहाजावरून घेतलेल्या विहिरीत तेल सापडले आणि मे १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. हेच ‘मुंबई हाय’ क्षेत्र होय. तेथील तेल मुख्यतः चुनखडीत आहे. परंतु तिच्या खालच्या कठीण पायाभूत खडकाच्या भेगांतही काही ठिकाणी ते आढळले. गुजरातेतील पादरा येथे तर दख्खनच्या लाव्हाखडकातूनच तेल मिळते. लाव्हात तेल जन्मत नाही. शेजारच्या गाळाच्या खडकांतून येऊन ते भेगांत आसरा घेते. देवळालीच्या कातळातील भेगा ज्याने बारकाईने मोजल्या, त्याला समुद्राखालच्या भेगांचा अंदाज बांधणे सोपे जाते.

मात्र वरून बांधलेला प्रत्येक अंदाज खरा ठरतोच, असे नाही. महाराष्ट्रातील लाव्हाच्या खाली त्याहून जुने गाळाचे थर दडलेले असतील काय, हा प्रश्न तेलाचा शोध घेणाऱ्यांना दीर्घकाळ पडलेला आहे. लाव्हाचे थर लहरींना विस्कटून टाकतात, त्यामुळे खालचे चित्र धूसर येते. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल वेधविहीर घेण्यात आली. २०१७ साली ती पूर्ण झाली. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा लाव्हा संपताच एकदम ग्रॅनाइटच लागला; मध्ये गाळाचा थर नव्हताच. त्या जागेपुरते उत्तर मिळाले. इतर ठिकाणी प्रश्न अजून उभाच आहे.

यासाठीच चांगल्या सहलीत हातोडी, भिंग, होकायंत्र आणि सौम्य आम्लाची कुपी यांच्या बरोबरीने नोंदवहीला मान असतो. डाव्या पानावर जे पाहिले ते लिहावे, उजव्या पानावर त्यावरून केलेले अनुमान लिहावे. ‘पांढरा स्फटिक, आम्ल टाकताच फसफसला’ हे पाहणे. ‘हा कॅल्साइट असावा’ हे अनुमान. थराची जाडी, रंग, कणांचा आकार, भेगांची दिशा ही प्रत्येकाने स्वतः नोंदवावी व कड्याचे चित्र स्वतः काढावे. मग चित्रे शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे एकाच कड्याची चार चित्रे चार तऱ्हेची निघतात. पुढच्या वळणावर कोणता थर दिसेल, याचे भाकीत आधी करावे आणि मग चालत जाऊन ते पडताळून पाहावे. तेथे चूक झाली, तर पायांना थोडे श्रम पडतात. तीच चूक विहिरीत झाली, तर तिची किंमत फार मोठी असते.

अर्थात एकट्या देवळालीत सारे शिकता येत नाही. वाळूचे व चुन्याचे खडक पाहण्यासाठी कच्छ, जैसलमेर अशा ठिकाणी जावे लागते. परंतु आपल्या काळ्या खडकाचेही महत्त्व वाढत आहे. तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पृथ्वी तापते. २०१२ साली आइसलँडमध्ये हा वायू पाण्यात विरघळवून अशाच काळ्या खडकात सोडण्यात आला. दोन वर्षांच्या आत त्याचा बहुतेक भाग खनिजरूप होऊन खडकात बद्ध झाला. याच दृष्टीने दख्खनच्या खडकाकडेही शास्त्रज्ञ पाहू लागले आहेत. भूगर्भातून तेल काढणाऱ्याची विद्या उद्या वायू भूगर्भात कोंडण्याच्या कामी येईल. तेव्हाही प्रश्न तेच राहतील: पोकळ्या किती, वाटा किती आणि झाकण पक्के आहे काय?

तोफखान्याच्या निरीक्षकाला टेकडीवरून लक्ष्य दिसते. भूवैज्ञानिकाला ते कधीच दिसत नाही. म्हणून जे दिसते, ते त्याने अधिक नीट पाहिले पाहिजे. गावाबाहेरची दरड, विहिरीचा काठ, नदीचे पात्र ही त्याची पाठशाळा होय. आणि तिची दारे विद्यार्थ्यांनाही उघडी आहेत.

स्वाध्याय

१. तोफखान्याचा सैनिक व तेलाचा शोध घेणारा भूवैज्ञानिक यांच्या कार्यातील साम्य व भेद सांगा.
२. ‘खडकात पोकळ्या असणे ही एक गोष्ट आणि त्यांतून वाट असणे ही दुसरी.’ हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा: पाण्यात जाणे, उत्साह मावळणे, दाद न देणे, आसरा घेणे.
४. तुमच्या गावाजवळची एखादी दरड किंवा विहीर वडील माणसांसमवेत पाहा. ‘पाहिले’ व ‘अनुमान’ असे दोन भाग करून दहा ओळींची नोंद लिहा.