काढ्याच्या भांड्यांचं धुवण

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात काढे आणि आसव-अरिष्टं होत असतील, तर तिथलं सांडपाणी चहासारखं दिसतं. झाडपाल्याचंच पाणी, त्याने काय होतंय, असं वाटतं. पण त्यातला गूळ आणि अर्क कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात; प्राणवायूची ही मागणी म्हणजेच बीओडी.

निम्मं काम कढईपाशीच होतं. चोथा दाबून, निथळून खोऱ्याने काढा. पाइपाच्या धारेने ढकलू नका. गुळाच्या पाकाचं भांडं आधी खरवडा, मग धुवा. रसौषधींच्या खलाचं धुवण मात्र कायम वेगळ्या पिंपात ठेवा. त्यातला पारा पुढे पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना पचत नाही; तो घातक कचरा म्हणूनच द्यायचा.

उरलेलं पाणी जाळीतून गाळून मोठ्या टाकीत निदान एक दिवसाचं साठवा आणि ढवळत ठेवा. आज दशमूळ, उद्या अरिष्टाचं आंबट धुवण, असा रोजचा फरक तिथे मोडतो. आता चुन्याची निवळी घालून पीएच ७च्या आसपास आणा.

मग फिटकरी. किती, ते अंदाजाने ठरवू नका. सहा चंचुपात्रांत एकेक लिटर पाणी घ्या, प्रत्येकात वाढती मात्रा घाला. मिनिटभर जोरात, पंधरा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवा. जिथे सर्वांत कमी मात्रेत वर नितळ पाणी येईल, ती तुमची मात्रा. हिरड्या-बेहड्याच्या पाण्यात स्वस्त म्हणून हिराकस घालाल तर पाणी काळंकुट्ट होईल. जुनी शाई याच जोडीने बनायची!

निवळलेलं पाणी हवा खेळवणाऱ्या टाकीत सोडा. विरजण म्हणून चालू मलजल केंद्रातला जिवाणूंचा जिवंत गाळ आणा. या पाण्यात नत्र-स्फुरद कमी असतं. १० किलो बीओडीमागे साधारण १ किलो युरिया आणि अर्धा किलो डीएपी द्या. विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमखाली जाऊ देऊ नका. रिठा-शिकेकाईचं धुवण थोडं थोडं सोडा, नाहीतर फेस टाकीबाहेर येतो.

गाळ खाली बसला की वरच्या पाण्याचा नमुना तपासा. बीओडीचा निकाल यायला २७ अंशांवर ३ दिवस लागतात, म्हणून रोजच्यासाठी झटपट कळणारी सीओडी, म्हणजे रासायनिक प्राणवायू-मागणी, पाहा. मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात असते. आणि पाणी मलवाहिनीतच जोडा: बाहेरचा पावसाळी नाला शेवटी मिठी नदीला मिळतो.