मागणीबरहुकूम छपाई आणि चित्राची फाइल

पूर्वी छापखान्यांत एखादें रंगीत चित्र छापावयाचें म्हणजे शेंकडों प्रती एकदम काढाव्या लागत. यंत्र जुळविण्याचा सारा खर्च एकाच प्रतीवर बसला असता तर ती कोणासच परवडली नसती. आतां ही अडचण पुष्कळ अंशीं दूर झाली आहे. चित्रकार आपली फाइल ऑनलाइन दुकानांत ठेवतो. गिऱ्हाइकानें मागणी केली म्हणजे दूरच्या कारखान्यांत त्या चित्राचा एकच टी-शर्ट किंवा एकच मग छापला जातो व परस्पर गिऱ्हाइकाच्या घरीं रवाना होतो. यास ‘प्रिंट-ऑन-डिमांड’ म्हणजे मागणीबरहुकूम छपाई म्हणतात. यांत साठा नाहीं, गोदाम नाहीं. मात्र जुन्या छापखान्यांत मजकूर जुळारी, मुद्रितशोधक व यंत्रावरील मनुष्य अशा तिघांच्या तरी नजरेखालून जात असे. येथें चित्रकार आणि कापड यांच्यामध्यें फारशी कोणाची नजर नसते. फाइलींत जें असेल तेंच उमटतें.

प्रथम मापाचा विचार करूं. संगणकावरील छायाचित्र रंगीत ठिपक्यांचें बनलेलें असतें. त्या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. छपाई स्वच्छ यावयाची तर इंचास ३०० ठिपके असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. १५० च्या खालीं गेल्यास कडा भुरकट दिसूं लागतात. टी-शर्टवरील जागा १२ इंच रुंद व १६ इंच उंच धरली, तर ३,६०० गुणिले ४,८०० म्हणजे १ कोटि ७२ लक्ष ८० हजार ठिपके लागतील. आतां मोबाइलवर कोणीं पाठविलेलें १,०८० ठिपके रुंदीचें छायाचित्र त्याच जागेवर पसरलें तर इंचास किती ठिपके आले? १,०८० भागिले १२, अवघे ९०! संगणकास आज्ञा देऊन तेंच चित्र ३,६०० ठिपक्यांचें करतां येतें हें खरें. परंतु वाढीव ठिपके तो शेजारच्यांवरून अंदाजानें भरतो. मूळ छायाचित्रांत आजीच्या नथींतले मोतीं वेगवेगळे उमटलेच नसतील, तर ते आंकडा वाढविल्यानें निराळे होत नाहींत. म्हणून चित्र आरंभींच मोठें काढावें. लहान करणें केव्हांही सोपें. अक्षरें व रेखाकृति यांची गोष्ट निराळी. ठिपक्यांऐवजीं रेषांच्या गणितानें, म्हणजे व्हेक्टर पद्धतीनें, त्या काढल्या तर कोणत्याही मापांत धारदार राहतात.

रंगांची फसगत याहून सूक्ष्म आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो, शाई प्रकाश शोषून घेते. त्यामुळें पडद्यावर झळाळणारा पोपटी रंग कापडावर तसाच्या तसा येणें शक्य नाहीं. शिवाय काळ्या कापडावर यंत्र आधीं पांढऱ्या शाईचा थर देतें व त्यावर रंग चढवितें. चित्राची पार्श्वभूमि फाइलींत पारदर्शक न ठेवतां पांढरी राहिली, तर काळ्या छातीवर पांढरा चौकोन चिकटविल्यासारखा दिसतो. जेपीईजी फाइलींत पारदर्शकतेची सोयच नसते. याकरितां पीएनजी फाइल वापरतात.

मराठी अक्षरांच्या बाबतींत आणखी एक सावधगिरी हवी. कांहीं चित्रकारीच्या प्रोग्रॅममध्यें देवनागरीची व्यवस्था मुद्दाम चालू करावी लागते. ती न केल्यास जोडाक्षरें सुटतात, ऱ्हस्व इकार भलत्या जागीं जाऊन बसतो आणि ‘शिक्षण’ लिहिलें असतां ‘शक्षिण’ असें कांहींसें उमटतें. कारखान्यांतील मनुष्यास मराठी येत नसेल तर त्यास त्यांत कांहींच वावगें वाटणार नाहीं. म्हणून मजकूर तपासून झाल्यावर अक्षरांचें रेखाकृतींत रूपांतर करावें. तथापि पुढें दुरुस्ती करतां यावी म्हणून मूळ प्रत निराळी जपून ठेवावी.

आतां स्वयंचलनाकडे वळूं. वर्गांतील ४० मुलांचीं नांवें एकाच चित्राखालीं घालून ४० फायली करावयाच्या आहेत, असें समजा. हातानें हें काम करणें कंटाळवाणें, आणि कंटाळलेला हात चुकतो. नांवांचा तक्ता करून, पायथन भाषेंतील लहानशा प्रोग्रॅमनें किंवा इमेजमॅजिक या मोफत साधनानें, प्रत्येक नांव नेमक्या जागीं बसवून फायली क्रमांकासह आपोआप तयार करतां येतात. नांवें तीन अक्षरांचीं असतात तशीं अकरा अक्षरांचींही असतात. लांब नांव चौकटीबाहेर गेल्यास काय करावें, हेंही प्रोग्रॅमला सांगावें लागतें. तें न सांगितल्यास तो नांवाचें शेपूट निमूटपणें कापून टाकील.

परंतु याहून मोठा अनर्थ सन २०१३ सालीं घडला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ सालीं, ब्रिटिश सरकारनें ‘शांत राहा आणि काम चालू ठेवा’ अशा अर्थाचीं इंग्रजी भित्तिपत्रकें सुमारें २४ लक्ष ५० हजार छापलीं होतीं. तीं फारशीं कोठें लागलींच नाहींत. सन २००० सालीं इंग्लंडांतील ऑल्निक गांवच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत त्यांपैकीं एक सांपडलें व तें वाक्य जगभर पसरलें. सॉलिड गोल्ड बॉम्ब नांवाच्या कंपनीनें त्या वाक्याच्या उत्तरार्धांत शब्दकोशांतील क्रियापदें एकामागून एक घालण्याचें काम प्रोग्रॅमवर सोंपविलें आणि तयार झालेलीं टी-शर्टचीं चित्रें अॅमेझॉनच्या दुकानांत मांडलीं. त्यांत स्त्रियांवर अत्याचार करावयास सांगणारीं वाक्यें निघालीं. तसा एकही सदरा छापला नव्हता, होतें तें केवळ चित्र, हा कंपनीचा खुलासा खराही असेल. पण लोकांचा संताप त्यानें शमला नाहीं. माल काढून घ्यावा लागला व त्याच सालीं धंदा बसला. यंत्रानें केलें हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. शब्दांची यादी मनुष्यानेंच दिली होती. ती वाचली मात्र कोणीं नव्हती.

यादी हातानें निवडावी, कोशांतून उचलूं नये. तयार झालेल्या सर्व फायलींचीं लहान चित्रें एकाच पानावर मांडून तीं एकानें करावीं व दुसऱ्यानें वाचावीं. घरच्या वडील माणसांनीं या कामीं बसावें. चित्र आपलें आहे ना, हेंही तेव्हांच पाहावें. भारतांत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याच्या कृतीवर स्वामित्वहक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ सालीं वारले, म्हणून त्यांचीं चित्रें घेण्यास हरकत नाहीं. चालू सिनेमांतील चित्र मात्र उचलतां येणार नाहीं. सर्व मनासारखें झालें म्हणजे दुकान उघडण्यापूर्वीं स्वतःच गिऱ्हाईक होऊन एक नमुना मागवावा, दिवसाच्या उजेडांत पाहावा आणि दोनचार वेळां धुवून पुन्हा पाहावा.