नदीकांठचा मुक्काम

२०१९ सालीं कबनूरकरांनीं पंचगंगेचा महापूर पाहिला. त्यापूर्वीं कित्येक दिवस पाऊस कोसळत होता. पण कुंडलिकेचें पाणी पावसाची वाट पाहत नाहीं. रायगड जिल्ह्यांत कोलाडजवळ मित्रमंडळी रबरी तराफ्यांवरून ह्या नदीच्या धारेंत उतरतात. मुळशी धरणाचें पाणी भिरा येथील वीजगृहाचीं यंत्रें फिरवून तींत सोडलें जातें. म्हणून कोरड्या उन्हाळ्यांतही तिला वेग येतो. यास्तव तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. राहुटी उंच कांठावर ठोकावी, वाळवंटांत नव्हे. तरंगतें जाकीट पट्टीच्या पोहणाऱ्यानेंही घट्ट बांधावें. निजण्यापूर्वीं सोबती मोजावे. आभाळ निरभ्र दिसलें म्हणजे नदी निजली असें नाहीं. जो सोबती भितो त्यास हंसूं नये, त्याचें ऐकावें.